पाल्याला येतं का?

आबासाहेबांनी पेढे मागवले तेव्हाच राजेश्रीच्या मनात शंका यायला हवी होती. नातवाचं बारसं घुगऱ्यांवर भागवणारा हा माणूस मास्तरांना पेढे वाटतो म्हणजे त्यात काहीतरी मेख असणारच की! पण बाई वर्षभर उन्हातान्हात वणवण फिरलेली, कौतुकाच्या एका शब्दाला आसुसलेली. तिनं पेढा घेतला आणि अर्धा खाल्लासुद्धा.

आबासाहेब म्हणजे शिक्षण मंडळाचे सचिव. जिंतूरपासून चारठाण्याच्या पलीकडपर्यंत मंडळाच्या नऊ लहान लहान शाळा. तिथं कुठला मास्तर ठेवायचा आणि कुठला काढायचा, हे आबासाहेबांच्या शब्दावर चालायचं. पुण्याच्या एका कंपनीनं मंडळाला मास्तरांच्या प्रशिक्षणासाठी पैसे दिले होते. बोली अशी होती की वर्षाअखेर निकाल बघायचा आणि मग दुसऱ्या वर्षाचं ठरवायचं. ते प्रशिक्षण आखलं राजेश्रीनं आणि चालवलंही तिनंच.

आता आपल्याकडे प्रशिक्षण म्हटलं की काय असतं ते कुठल्याही मास्तराला विचारा. परभणीला एक हॉल, दोन दिवस पुरी-भाजी, पडद्यावर सरकणारी चित्रं आणि शेवटी एक कागद, 'प्रशिक्षण कसे वाटले?' त्यापुढं 'अतिउत्तम' लिहिलं की माणूस एसटी पकडायला मोकळा. राजेश्री स्वतः आधी मास्तरीणच होती. असली अतिउत्तमं तिनं ढिगानं लिहिली होती आणि तिला त्याचा वीट आला होता. म्हणून तिनं हॉलच रद्द केला. ती शाळेत जायची, मागच्या बाकावर बसायची, मास्तरांचा तास बघायची. मग त्यांच्यासमोर स्वतः तास घ्यायची, त्यात चुकायची, आणि नंतर दोघं लिंबाखाली बसून बोलायचे की पोरांना आज नेमकं काय आलं आणि काय नाही आलं.

हे ऐकायला गोड वाटतं, पण मास्तरला त्याच्याच वर्गात चूक दाखवणं म्हणजे खेळ आहे का? धनगरवस्तीच्या शाळेवरचे महारुद्र सर तर तिच्यावर असे भडकले होते की विचारू नका. त्यांची तिसरीची पोरं धडा कशी धडाधड म्हणायची! राजेश्रीनं एकदा वरच्या चार ओळींवर हात ठेवला आणि म्हणाली, "इथून पुढं वाच." पोरगं गप्प. शेजारचं गप्प. सगळा वर्ग चिडीचूप. पोरांना धडा पाठ होता, अक्षर एक येत नव्हतं. सरांनी त्या दिवशी तिला चहासुद्धा विचारला नाही. पण गडी मनाचा सच्चा. दोन आठवड्यांनी त्यांचाच फोन आला, "मॅडम, मी रोज झाकून बघायलोय. लय बेकार परिस्थिती हाय. या तुमी."

तर अशा त्या वर्षाचा निकाल लागला होता.

"शंभरात ब्याण्णव!" आबासाहेब उभं राहून म्हणाले. "दुसरी-तिसरीच्या शंभरातल्या ब्याण्णव पोरांना वाचता येतंय. हे मी म्हणत न्हाई, कंपनीनं नेमलेले सर्व्हेवाले म्हणतेत. घरोघर फोन लावून आईबापांना इचारलंय त्यांनी. राजेश्री मॅडम, तुमी तर फत्ते केली!"

टाळ्या पडल्या. टाळ्या संपायच्या आत आबासाहेब पुढचं बोलले.

"आता ब्याण्णव झाले म्हणल्यावर दुसरं वर्ष कशाला पाहिजे? काम खतम. कंपनी आता आपल्याला काँप्युटर द्यायली."

राजेश्रीच्या हातातला अर्धा पेढा हातातच राहिला. रोगी बरा झाला, वैद्यानं घरी जावं, असा तो हिशोब होता. पण रोगी बरा झाला कुठं होता? पोरं आत्ता कुठं अक्षराला अक्षर जोडायला लागली होती. जोडाक्षर आलं की ठेचकाळत होती. मास्तरांचा हात आत्ता कुठं बसत होता. एक वर्ष, फक्त अजून एक वर्ष मिळालं असतं तर ती पोरं पार झाली असती. आणि आत्ता सोडली तर? दिवाळीपर्यंत सगळं विसरून पुन्हा धडा पाठ म्हणायला लागली असती. हे तिला स्वतःच्या नावासारखं ठाऊक होतं.

तसं म्हटलं तर तिनं गप्प बसायला हवं होतं. आपल्या लेकराला जास्त मार्क पडले तर पेपर पुन्हा तपासा म्हणणारी आई कुणी बघितली आहे? पण तिच्या जिवाला चैन पडेना. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं ती चारठाण्याला उतरली आणि तिथून महारुद्र सरांच्या मोटरसायकलवर वस्तीला गेली.

"ब्याण्णव?" सर म्हणाले. "मॅडम, खरं सांगू का? मलाबी पटलं न्हाई. पण मंडळाचा निरोप आला, पडताळणी झाली म्हणून सही पाठवा, आजच्या आज. म्या म्हणलं, पुण्याच्या लोकांनी आईबापाला इचारलंय तर आसंल बा. केली सही."

"न बघता?"

"न बघता." सरांनी मान खाली घातली. "नऊबी शाळांनी तशीच केली."

महारुद्र सर शिक्षणसेवक होते, म्हणजे अजून नोकरीत कायम व्हायचे होते. जूनमध्ये त्यांची मुदत भरत होती. असा माणूस मंडळाच्या निरोपावर सही करणार नाही तर काय करणार? राजेश्रीला राग आला नाही. तिनं विचारलं, "तुमच्या शाळेतलं कोण कोण वाचतं म्हणून लागलंय?"

सरांनी मोबाइलवर नावं वाचून दाखवली आणि एका नावावर थांबले. "अरे? दिपाली? दिपाली वाचती म्हणून लागलंय? ती तर संक्रांतीपासून शाळेतच न्हाई! तिचा बाप बिरदेव तिला मेंढरामागं घेऊन गेलाय."

बिरदेवनं त्या आठवड्यात मेंढरं एका तुरीच्या मोकळ्या रानात बसवली होती. हे दोघं पोचले तेव्हा तो कोकराला पाजत होता आणि दिपाली, तिसरीतली काटकुळी पोरगी, शेळ्यांपुढं बाभळीचे डहाळे टाकत होती. मास्तरांना बघून ती बापामागं लपली.

"या या, गुर्जी. बसा मॅडम," बिरदेव म्हणाला. "फोनचं इचारायला आलाव का? आल्ता की फोन. एक बाई होती, लय गोड बोलत होती."

"काय विचारलं त्यांनी?"

"म्हणली, तुमच्या पाल्याला... मदी आवाज तुटला... येतं का? म्या म्हणलं, पाल्याला ना, येती की! रोज येती. दिपालीच सगळा पाला आणती. बाभळीवर चढती, डहाळं तोडती, लय कामाची पोरगी हाय म्हणलं."

"आणि मग?" राजेश्रीनं विचारलं.

"मग म्हणली, पाल्याबद्दल समाधानी हाव का? म्या म्हणलं, बाई, औंदा पाला चांगलाय, काई तक्रार न्हाई. फकस्त काटा लय हाय."

महारुद्र सर आधी हसले. मग राजेश्री हसली. हसता हसता तिला बांधावर बसावं लागलं. पाल्य म्हणजे लेकरू, हे शाळेच्या कागदावरचं मराठी. कोण आई आपल्या लेकराला पाल्य म्हणते हो? पुण्याच्या पोरीनं 'आपल्या पाल्याला वाचता येतं का' म्हणून समोरचा कागद वाचला आणि शेळ्या राखणाऱ्या माणसानं शेळ्यांचं ऐकलं. पोरगी शाळा सोडून पाल्याला जाते म्हणून तिला वाचता येतं, असा निकाल लागला. हसू कधी संपलं आणि डोळ्याला पदर कधी लागला हे तिचं तिलाच कळलं नाही.

बिरदेव घाबरला. "मॅडम, चुकलं का माझं?"

"नाही हो दादा. तुमचं काहीच चुकलं नाही."

परतताना वस्तीवर त्यांनी भागुबाईला विचारलं. तिचा नातू दुसरीत होता. भागुबाईला पाल्य कळलं होतं, पण ती म्हणाली, "सरकारी फोनला न्हाई म्हणू न्हाई बाई. न्हाई म्हणलं की काईतरी बंद होतंय. म्या समद्यालाच व्हय म्हणलं." पुढच्या चार घरांत हेच. ब्याण्णव असे पिकले होते.

पण ही झाली नंतरची गोष्ट. त्याआधी त्या रानात जे झालं, त्यानं राजेश्री पेटून उठली. निघायच्या आधी तिनं दिपालीला जवळ बोलावलं. पुस्तक तर नव्हतंच. पेंडीचं एक रिकामं पोतं पडलं होतं, त्यावर मोठी अक्षरं होती. राजेश्री म्हणाली, "ह्यातलं काही येतं का बघ."

पोरगी पोत्यापुढं उकिडवी बसली. पहिल्याच शब्दाला अडली. 'उत्कृष्ट' होतं ते. 'उ' म्हणाली आणि गप्प झाली. मग ते सोडून तिनं खालच्या शब्दावर बोट ठेवलं. "सर... की. सरकी. पें... ड. पेंड!" आणि एकदम उभी राहिली. "बा, सरकी पेंड लिवलंय हितं!"

हे कुणी पाठ करून घेतलं नव्हतं, कुणी मागून सांगितलं नव्हतं. तीन महिने शाळा सुटलेल्या, मेंढरामागं रानोमाळ हिंडलेल्या लेकरानं ते आपल्या डोळ्यानं वाचलं होतं. महारुद्र सर दुसरीकडं तोंड करून उभे राहिले.

बिरदेव पोत्याकडं आणि पोरीकडं आळीपाळीनं बघत होता. शेवटी म्हणाला, "गुर्जी, फुडल्या वर्सीबी ह्या मॅडम येणार का?"

"येणार," सर म्हणाले. "त्यासाठीच फिरायलोत."

"मग म्या हिला आजीपशी ठिवतो. मेंढरामागं न्हाई नेत. पर तुमी शिकवायला पाहिजे. न्हाईतर नुसती बसवून काय करू?"

राजेश्रीनं तिथंच ठरवलं. ब्याण्णव खोटे आहेत ना, मग खरं किती ते काढायचं. नऊ शाळांतल्या एकेका पोरापुढं बसायचं, न बघितलेला कागद ठेवायचा आणि वाचायला लावायचं. महारुद्र सरांनी बाकीच्या मास्तरांना गोळा केलं. एकानंही कुरकुर केली नाही, हे विशेष. रविवारीसुद्धा पोरं बोलावली. रानात गेलेल्यांना रानात गाठलं. आणि निकाल निघाला शंभरात चोपन्न.

चोपन्न! मागच्या जूनमध्ये असंच एकेकापुढं बसून मोजले तेव्हा वीससुद्धा भरले नव्हते. सर म्हणाले, "मॅडम, हे आपलं अस्सल पीक. ह्याला किडा न्हाई." राजेश्रीला तर वाटलं, देवच पावला. ब्याण्णव म्हणजे काम संपलं. वीस म्हणजे काम फसलं. पण चोपन्न म्हणजे निम्मी वाट झाली, निम्मी बाकी. दुसरं वर्ष मागायला याहून चांगला आकडा कुठला? खरं बोलून फायदा होण्याची वेळ माणसावर कितीदा येते? ती नाचतच मंडळाच्या ऑफिसात गेली.

आबासाहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. पाल्याची गोष्ट ऐकून पोट धरून हसलेसुद्धा. मग रुमालानं डोळे पुसले आणि म्हणाले, "लय भारी. आता हे इसरून जा."

"आबासाहेब, अहो खरा आकडा..."

"मॅडम, ब्याण्णव बरोबर हायेत म्हणून म्या कंपनीला कळवलं. सभेत सांगितले. पेपरात आले. आता महिन्याच्या आत चोपन्न म्हणू? लोक इचारतील, बाकीची पोरं इसरली की मंडळानं थापा मारल्या?"

"सर्व्हेवाल्यांची चूक आहे ती."

"हो ना. पण त्याखाली पडताळणीची सही कुणाची हाय?" आबासाहेब पुढं झुकले. आवाज अजिबात चढला नाही, उलट मऊ झाला. "नऊ शाळा, नऊ सह्या. चोपन्न खरं धरलं तर नवाच्या नऊ जणांनी खोटी पडताळणी केली. नोटीस द्यावीच लागंल. आणि तुमचे ते महारुद्र... जूनमदी कायम व्हायचेत ना? नोटीस असलेला माणूस कायम कसा करायचा? म्या धमकी द्यायलो न्हाई बरं. मंडळाचा कायदा सांगायलोय. हात दाखवून अवलक्षण तुमीच करायलाव."

 राजेश्रीच्या डोळ्यांपुढं महारुद्र सर आले. बायको, दोन लहान लेकरं, म्हातारी आई, आणि कायम होण्याची इतक्या वर्षांची वाट. रविवारी उपाशीपोटी तिच्याबरोबर रानात फिरलेला माणूस. त्याच्या ताटात तिनं माती कालवायची?

"कंपनीचे साहेब आता लाइनवर येतेत," आबासाहेब म्हणाले. "एवढंच इचारतील, तुमचं काई म्हणणं हाय का. बघा मग."

लॅपटॉपच्या पडद्यावर एक तरणा, सभ्य पोरगा आला. त्यानं सगळ्यांना नमस्कार केला, मॅडमचं नाव घेऊन कौतुक केलं. मग म्हणाला, "मॅडम, फील्डवर तुम्ही होतात. ब्याण्णव हा आकडा तुम्हाला बरोबर वाटतो ना?"

आबासाहेब खिडकीबाहेर बघत होते.  राजेश्रीला दिपालीचं बोट दिसलं, सरांची खाली गेलेली मान दिसली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

"हो," ती म्हणाली. "बरोबर आहे."

"वा! अभिनंदन," पोरगा मनापासून म्हणाला. "खरं सांगू का, पन्नास-साठच्या आसपास असतं तर आम्ही दुसरं वर्ष नक्की दिलं असतं. तसा नियमच आहे आमचा, जिथं काम चालू आहे पण अर्धं आहे तिथं थांबायचं नाही. पण तुम्ही तर गरजच ठेवली नाही!"

तिनं तोंड उघडलं. पण 'हो' म्हणून झालेलं होतं. आता 'नाही' म्हटलं तर त्या 'नाही'बरोबर नऊ माणसं जाणार होती. आबासाहेबांनी धन्यवाद म्हटलं, पोरानं हात जोडले आणि पडदा काळा झाला.

ती जिंतूरच्या बसस्टँडवर कशी चालत आली हे तिला सांगता आलं नसतं. महारुद्र सर शाळा सुटल्यावर थेट तिथंच येऊन थांबले होते. तिला बघून ते रसवंतीच्या बाकड्यावरून उठले. चेहऱ्यावर एवढी आशा होती की राजेश्रीला तिथल्या तिथं जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं.

"काय झालं, मॅडम? मिळालं का वर्ष?"

तिनं सगळं सांगितलं. आबासाहेब काय म्हणाले, पुण्याचा पोरगा काय म्हणाला, आणि ती काय म्हणाली.  शेवटी म्हणाली, "सर, तुमची नोकरी गेली असती. मी दुसरं काय करणार होते? तुमच्यासाठीच केलं मी."

 परभणीची गाडी लागली, लोक धावले, गाडी सुटली. रसाच्या चरकाचं घुंगरू वाजत होतं.

"माझ्यासाठी," सर म्हणाले. "मला एक फोन करायचा होता मॅडम. इचारायचं होतं."

"काय म्हणाला असतात?"

"नोटीस घेतली असती. बाकीच्या आठजणांनीबी घेतली असती, मला ठाव हाय ते. सही आमी केलती ना? न बघता केलती. मग चूक आमची." त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला सोसला असता. "खोटी सही माझी मॅडम. आन् तुमी शिक्षा दिपालीला देऊन आलाव."

राजेश्री रडायला लागली. सरांनी तिला थांबवलं नाही आणि तिथून हललेही नाहीत.

"चला," थोड्या वेळानं ते म्हणाले. "चारठाण्याची गाडी लागली. तुमी फुडल्या वर्सी येणार ह्या बोलीवर बिरदेव उद्या पोरीला आजीकडं आणून सोडणार हाय. त्याला आजच सांगावं लागंल, आणू नको म्हणून. तुमीच सांगा. माझ्यानं न्हाई व्हायचं."